टेकाडावरचा पूर

पुराच्या विम्याची पॉलिसी आपण स्वतः वाचून काढायची, असं व्हर्लिन स्टबलफील्डने गुरुवारी सकाळी नाश्ता करता करता ठरवलं. तिथूनच सगळं बिघडत गेलं.

वाचायची तशी काही गरज नव्हती. पॉलिसी त्याच्या बायकोने, ओनीटाने, आदल्या वर्षी घेतली होती. तीही सख्ख्या बहिणीकडून. मार्जीन ही ओनीटाची धाकटी बहीण. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या त्यांच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ती दहा वर्षं विमा विकत होती आणि दहा वर्षं लोक तिला "आमच्याकडे नाही येत पाणी" असं सांगून कॉफी पाजून परत पाठवत होते. व्हर्लिननेही तेच सांगितलं होतं. त्याचं घर टेकाडावर. त्यातून चौतीस वर्षं त्याने काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरवलेला. उतार, चर आणि मोऱ्या या विषयांत त्याला कुणी शिकवायला आलं की तो दयेने हसायचा. (हसण्याचा हा प्रकार ओनीटाला लग्नानंतर आठवड्यातच नकोसा झाला होता.)

पण सरकारचा पूरक्षेत्राचा नवा नकाशा आला, त्यातली निळी रेषा थेट त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला चिकटून गेली, आणि ओनीटाने न विचारता सही केली.

आता वरच्या खोऱ्यात चार दिवस पाऊस पडत होता, आणि रविवारी नदी सर्वांत जास्त चढेल असं रेडिओ सांगत होता. व्हर्लिनने चष्मा लावला. बारावं पान संपता संपता त्याने टेबलावर हात आपटला.

"ओनीटा, हे वाच. तळघरातलं सामान भरपाईत धरलं जाणार नाही."

"सगळंच?"

"सामान म्हणजे सामान. तुझ्या बहिणीने हे सांगितलं होतं?"

"तिला फोन करून विचार ना."

"वाचता येतं मला," व्हर्लिन म्हणाला. पॉलिसी मिटून त्याने फडताळावर ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

तळघरात ओनीटाच्या दोनशे चौदा बरण्या होत्या: पीच, घेवडा, काकडीचं लोणचं. शिवाय शवपेटीएवढा आडवा फ्रीझर. त्यात अर्धी गाय, एक अख्खं हरीण आणि ओनीटाने जूनमधल्या घरच्या मेळाव्यासाठी केलेले एकोणीस पीच-पाय, म्हणजे फळं भरलेल्या गोड पेस्ट्र्या. बरण्या दुपारपर्यंत वर आल्या. फ्रीझरसाठी शेजारच्या लीलँडला बोलावलं. लीलँड हा कमी बोलणारा, पण बघणारा माणूस. त्याने तळघरात उभं राहून छताकडे पाहिलं.

"इथे एक खांब होता ना?"

"होता. पिंगपाँगच्या टेबलाला आडवा येत होता. कापला."

"तो वरचं काही पेलत असेल."

"लीलँड, तो नुसता शोभेचा होता. सहा वर्षं झाली. काही हललं का?"

लीलँडने दोर उचलला. दोन तास, दोन दोर आणि एक हातगाडी खर्ची घालून त्यांनी फ्रीझर जेवणाच्या खोलीत आणला. बरण्यांच्या रांगा आधीच भिंतीला लागल्या होत्या. व्हर्लिनला फ्रीझर खिडकीखाली हवा होता, कारण प्लग तिथे होता. तो त्याने शेवटचा वीतभर ढकलला आणि म्हणाला, "आता येऊ दे नदीला."

आधी एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला. मग फ्रीझर, अगदी सावकाश, खालच्या लाकडी जमिनीसकट खाली निघाला. लीलँडने मागे उडी मारली. व्हर्लिनने मात्र फ्रीझर धरून ठेवायचा प्रयत्न केला. (साडेतीनशे किलोंचा.) फ्रीझर पिंगपाँगच्या टेबलावर, टेबल पाण्याच्या नळावर, आणि व्हर्लिन काखांपर्यंत भोकात, अशी व्यवस्था लागली. बरण्यांपैकी तीस-चाळीस त्याच्या आजूबाजूने घरंगळत खाली गेल्या.

ओनीटा तेव्हा अंगणात होती. ती धावत आली, जिन्यावरून तळघरात उतरली आणि तिने वर पाहिलं. छतातून दोन बूट लोंबत होते.

"लागलं का?"

"नाही. पंप बंद कर," वरून आवाज आला.

पंपाचं बटण पडलेल्या टेबलाच्या पलीकडे होतं. तिथे पोचेपर्यंत फुटलेल्या नळातून येणारं विहिरीचं पाणी घोट्याच्या वर आलं. पंप बंद करून ओनीटाने फोन काढला आणि बुटांचा फोटो घेतला. नुकसान झालं की हात लावायच्या आधी फोटो, हे मार्जीनने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

लीलँडने व्हर्लिनला उपसून काढलं. खुर्चीत बसल्या बसल्या व्हर्लिनने मेव्हणीला फोन लावला.

"मार्जीन, तळघरात पाणी आहे. विमा हवा."

"नदी तर अजून लीलँडच्या कुरणाखाली आहे. पाणी आलं कुठून?"

"वरून."

"पूर वरून येत नाही, व्हर्लिन."

"आधी फ्रीझर आला. पाणी मागून आलं."

"नळाचं पाणी?"

"पाणी ते पाणी."

"तसं नाही. पूर म्हणजे एरवी कोरडी असणारी दोन एकर जमीन पाण्याखाली जावी लागते, नाहीतर निदान दोन मालमत्ता."

व्हर्लिनने विचार केला. "लीलँडच्या तळघरात थोडं सोडलं तर?"

"तर तू तुरुंगात जाशील," मार्जीन शांतपणे म्हणाली. "नळ फुटल्याचं घराच्या दुसऱ्या विम्यात बघू. खांब कापल्याचं कशातच येत नाही. पण फ्रीझर वर नेलास कशाला?"

"तळघरातलं सामान धरत नाहीत. बारावं पान."

"तेरावं?"

ओनीटाने फडताळावरून पॉलिसी काढून तेरावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "अपवाद. कपडे धुण्याचं यंत्र, वाळवण्याचं यंत्र, फ्रीझर आणि फ्रीझरमधलं अन्न." मग तिने चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

रविवारी नदी लीलँडच्या कुरणात शिरली, रस्त्याला लागली आणि उतरली. खोऱ्यातलं एकही तळघर ओलं झालं नाही. एक सोडून. मोडक्या फ्रीझरमधलं वितळलेलं मांस टाकवेना, म्हणून ओनीटाने सगळ्या शेजाऱ्यांना बोलावलं. अंगणात हरीण भाजलं गेलं, पीच-पाय वाटले गेले, आणि प्रत्येक जण हातात बशी घेऊन आधी भोक बघून आला. मार्जीनने त्या एका दुपारी अकरा पॉलिसी विकल्या. तीस दिवसांनी लागू होतील हे ती प्रत्येकाला दोनदा सांगत होती.

निघताना ती म्हणाली, "व्हर्लिन, मंगळवारी अग्निशमन दलाच्या हॉलवर पुराच्या विम्याची सभा आहे. तू येशील? लोकांना अनुभवी माणूस हवा असतो."

व्हर्लिनची मान पुन्हा ताठ झाली. दोन रात्री बसून त्याने सहा पानी भाषण लिहिलं: उतार, चर, मोऱ्या, आणि पॉलिसी पूर्ण वाचण्याचं महत्त्व. मंगळवारी अंत्ययात्रांना घालायचा कोट घालून तो हॉलवर गेला. ऐंशी माणसं जमली होती. मार्जीनने त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि दिवे मालवले. पडद्यावर भिंतभर दोन बूट लोंबत होते.

हॉल हसून हसून शांत झाल्यावर व्हर्लिन खाकरला आणि खिशातून कागद काढून उठू लागला.

मार्जीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "बोलायचं नाहीये," ती हळूच म्हणाली. "फक्त पाय जरा पुढे घे. तेच बूट आहेत हे लोकांना दिसू दे."