टोंगळ्यातली साखर

श्रावणभाऊंचा उजवा गुडघा ऐन मोक्यावर फुगला. उद्या गावच्या तलावाची मासेमारी, आणि पहिलं जाळं टाकायचा मान वडिलांपासून त्यांच्या घरात. त्या मानावर त्यांचा मेव्हणा घनश्याम कधीपासून डोळा ठेवून होता. त्यामुळे त्यांना मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात आणायची घाईही त्यालाच होती. श्रावणभाऊंची बायको मीराबाई ऑटोने मागून आली आणि केसपेपरच्या रांगेत उभी राहिली.

डॉक्टर साधनाताईंनी गुडघा दाबला. श्रावणभाऊंनी ओठ दाबले.

"दुखते?"

"नाई. जरासा जड वाटते."

"गरम लागून राह्यला, भाऊ. टोंगळ्यात पाणी झालं. सुईनं काढून इथंच तपासते." त्यांनी साखर मोजायचं यंत्र दाखवलं. "आत जंतू असले तर ते साखर खातात. पाण्यात साखर कमी निघाली, तर आजच गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात."

इतक्यात बाळंतपणाची केस आली आणि ताई तिकडे धावल्या.

गडचिरोली म्हणजे जाळं गेलं! श्रावणभाऊ मेव्हण्याकडे वळले.

"घनश्याम, टोंगळ्यातली साखर वाढवाची कशी?"

"त्यात काय, भाऊजी. खाल्लं का वाढते."

फाटकाशी बचत गटाच्या बायका मोहफुलाचे लाडू विकत होत्या. घनश्यामने पिशवी भरून आणली, इतकी तत्परता त्याने सख्ख्या बापासाठी दाखवली नव्हती. श्रावणभाऊ एकेक लाडू गिळत आणि माल नेमक्या ठिकाणी उतरावा म्हणून गुडघ्यावरून हात फिरवत. वरून उसाचा रस झाला.

"जंतूईले पोटभर खाऊ द्या," घनश्याम म्हणाला, "तरी उरली पायजे."

बाळंतपण लांबलं. दुपारी ताई आल्या, सुई टोचली, पिवळसर पाणी काढलं. एक थेंब यंत्राच्या पट्टीवर, एक थेंब लघवीतले जंतू तपासायच्या पट्टीवर.

"साखर भरपूर. दुसरी पट्टीही रंग बदलत नाही. जंतू वाटत नाहीत, मुरगळला असेल."

श्रावणभाऊंनी घनश्यामकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"पण एवढी साखर आली कुठून?" असं म्हणत ताईंनी त्यांचं बोट टोचलं. यंत्राचा आकडाच संपला. "काय खाल्लं?"

श्रावणभाऊंनी घनश्यामकडे पाहिलं, घनश्यामने पंख्याकडे.

"काही खाल्लं तरी चांगल्या माणसाची एवढी चढत नाही. तुम्हाला डायबेटीस आहे, भाऊ. आज भरती व्हायचं."

"पण टोंगळा तं चांगला हाय न?"

"टोंगळा घरी जाऊ शकतो. तुम्ही नाही."

श्रावणभाऊंचे डोळे भरून आले. घनश्यामने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी आराम करा, भाऊजी. जाळ्याचं मी पायतो."

मीराबाई केसपेपर घेऊन केव्हाची दारात उभी होती. तिने खाटेखालची पिशवी उचलली, आत पाहिलं आणि भावाच्या हातात दिली.

"तू इथीच थांब. पेशंटपाशी माणूस लागते."

"मी काऊन?"

"लाडू कोणं चारले?"

"अन् जाळं?"

"मान आमच्या घराचा हाय. मी टाकीन."

घनश्याम पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. श्रावणभाऊ मात्र कोपरावर उठले. "डाव्या अंगानं फेकजो. तिकडं खोल हाय."

"माहीत हाय," मीराबाई पदर खोचत म्हणाली. "मागच्या साली तुमी उजवीकडं फेकलं, तवा काठावरून मीच ओरडून राह्यली होती."