वापरलेल्या विजेची परतफेड

घाऊक वीज बाजार बुडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याचे कायदे कुणी रद्द केले नव्हते, म्हणून सारवडला रोज सकाळी लिलाव झाल्याशिवाय तारांमधून वीज येत नसे. वीज कायद्याला धरून वागायची. बाजार समितीच्या इमारतीत आता कोंबड्या होत्या आणि भाव पुकारणारे अडते केव्हाच केळीच्या धंद्यात गेले होते. तरी कलम नऊ जागेवर होतं. सूर्योदयाला कालचा सौदा संपे. मग घरोघरी निदान तिघांनी एकावर एक चढती बोली लावायची, वरच्या बोलीवर सौदा ठरवायचा, की पंखा फिरू लागे.

प्रमिलाबाई कोठावद्यांच्या घरी बोलीला त्या स्वतः, त्यांचे सासरे आबा आणि शेजारच्या भरल्या घरातले हुसेन तडवी असे तिघं असत. आबांची फुप्फुसं थकली होती. प्राणवायूच्या यंत्रावर त्यांचा जीव चालायचा आणि यंत्र विजेवर. सूर्य उगवला की यंत्र थांबे, आणि आबा उरलासुरला दम गोळा करून आपली बोली लावत.

एका सकाळी तडवीभाऊ पुतणीच्या लग्नाहून परतले नव्हते. प्रमिलाबाई गल्लीभर धावल्या, पण जो तो आपापल्या घरच्या लिलावात होता, आणि एका माणसाला दोन लिलावांत बोली लावायला कलम दहाची मनाई होती. शेवटी दूध घालायला आलेला परगावचा गवळी बोलीला उभा राहिला. तोवर आबांचे ओठ निळे पडले होते.

त्याच दिवशी आबांना तडवींच्या बायकोवर सोपवून प्रमिलाबाईंनी राजधानीची एसटी धरली.

कायदे रद्द करणाऱ्या कक्षात मोहरील नावाचे अधिकारी होते. माणूस सौजन्याचा होता. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि समजावलं की या कायद्याबद्दल तक्रार फक्त बाजाराच्या तक्रार समितीकडेच करता येते, आणि बाजारच नसल्यामुळे समितीही नाही. तक्रार नाही, म्हणजे लोक समाधानी आहेत, अशी कक्षात नोंद होती.

प्रमिलाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली, पण आवाज चढला नाही.

"साहेब, माझे सासरे रोज सकाळी स्वतःच्या श्वासावर बोली लावतात. आणि ती माझ्यापेक्षा वर न्यावी लागते. तुम्ही कधी लावलीय?"

मोहरील म्हणाले, लावलेली नाही.

प्रमिलाबाई त्यांच्या दारातच बसून राहिल्या. शिपाई त्यांना वळसा घालून फायली नेऊ लागले, मोहरीलांना जेवायला जाताना त्यांची परवानगी घ्यावी लागू लागली. अधिवेशन सुरू झालं तेव्हा कायदा रद्द करायचं विधेयक मांडलं गेलं आणि चर्चेशिवाय मंजूरही झालं. दुसऱ्या दिवशी सारवडला सूर्य उगवला आणि वीज गेली नाही. आबा त्या दिवशी उशिरापर्यंत झोपले.

आठवड्याभरात मोहरील टेम्पो आणि चार माणसं घेऊन दारात आले. त्यांनी सांगितलं की कायदा बाजार बुडाला त्या दिवसापासून रद्द झाला आहे. त्यामुळे त्यानंतरचे सगळे लिलाव बेकायदा ठरले, आणि माल परत करावा लागेल.

"तो तर वापरून संपला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"वापरलेलाच न्यायला आलोय."

प्रमिलाबाईंनी त्यांना बरंच सुनावलं. सरकारनं आपल्या झोपेचा खर्च आमच्या नावावर लावू नये, असंही म्हणाल्या. मोहरीलांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि माणसांना आत पाठवलं. त्यांनी खोल्याखोल्यांतून मागच्या सगळ्या वर्षांचा उजेड काढून मोठ्या रिळांवर गुंडाळला. पंख्यांचा वारा, मिक्सरमधल्या चटण्या, क्रिकेटचे सामने, सगळं टेम्पोत गेलं. मग ती माणसं आबांच्या खोलीकडे वळली.

प्रमिलाबाई चौकट अडवून उभ्या राहिल्या.

"इथली नाही मिळणार. ते श्वास घेऊन झालेत."

"बाई, वीज ती वीज."

"मग आधी त्यांच्यासमोर बसा आणि कुठला श्वास नेताय ते त्यांना सांगा."

आबा यंत्राची नळी सावरत मोहरीलांकडे बघत होते. मोहरील बराच वेळ फोनवर कुणाशी तरी बोलले. परत येऊन ते म्हणाले, श्वास हा विषय आरोग्य खात्याकडे येतो, आपल्याला हात लावता येणार नाही. मग नमस्कार करून ते निघून गेले.

घर होतं तसंच होतं, दिवेही लागत होते. पण उजेडच नेल्यामुळे प्रमिलाबाई मागचं काही आठवायला गेल्या की त्यांना अंधारात चाचपडल्यासारखं होई. अखेर त्यांनी नाशिकला लेकीला फोन लावला.

"चेतना, दहावीचा अभ्यास तू कसल्या उजेडात केला होतास गं?"

"कंदिलाच्या, आई. काच तूच पुसून द्यायचीस की."

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. तो उजेड कुणी नेला नव्हता. काच पुसताना एकदा बोट कापलं होतं, तेही त्यांना आठवलं.