झोपलंय की दाखवतंय?

आमच्या शेजारचे तांडेलकाका झोपलेल्या माणसावर विश्वास ठेवत नाहीत. एस.टी.त कुणी डुलकी काढताना दिसला की माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "झोपलेला न्हाय. दाखवतोय."

तसा त्यांचा विश्वास कशावरच नाही. सख्ख्या बहिणीच्या पाटीतली सुरमईसुद्धा ते तीनदा कल्ले उघडून बघतात. दूधवाला, हवामान खातं, माझ्या भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांवर संशय. भरवसा फक्त दिघीच्या खाडीवर. पस्तीस वर्षं त्यांनी मासेमारीची बोट चालवली. भरतीचं पाणी उतरायला लागलं की निघायचं, हाच त्यांचा आयुष्यभराचा नियम.

माझी लेक मैत्री आठ महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. शाळा खाडीपलीकडे, आगरदांड्याला. सकाळी सातची पहिली लाँच गाठायची. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. आणि मैत्रीबाई रात्री बारा वाजता ताज्यातवान्या! पंधरा दिवसांत तिला वेळेवर झोपायची सवय लागली नाही, तर वर्गात मीच घोरणार होते.

"त्यात काय हाय, बाय?" काका म्हणाले. "पाणी उतरायला लागलं की पोर गोधडीवर ठेव. झोपतंच."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांचं गणित. त्या दिवशी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. मी साडेसातला तिला दूध पाजून आडवं केलं आणि आठच्या आत ती झोपली! काकांनी तिचा इवलासा हात वीतभर उचलून सोडला. तो धप्पकन पडला.

"ही झोपली," काकांनी निकाल दिला. "हात सावकाश खाली आला असता, तर दाखवतेय म्हणायचं."

एकादशीला सव्वाआठ. द्वादशीला नऊ. मी मुलांना गणित शिकवते, पण पौर्णिमेला रात्री सव्वाअकराला पोर मांडीवर घेऊन बसले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भरती रोज पाऊण तास पुढे सरकत होती आणि तिच्यामागून मैत्रीही. असंच चाललं असतं तर शाळेच्या पहिल्या दिवशी ती सकाळी, माझी लाँच सुटताना झोपली असती.

आता मला काकांचाच संशय यायला लागला. जन्मभर पाणी ओळखणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? शिवाय रोज नेमके झोपायच्या वेळी हजर. हात उचलून बघताना दोनदा तिला जागं केलं, आणि जागी झाल्यावर थोपटायला पुन्हा तेच पुढे! हे मुद्दाम तर करत नव्हते?

"काका, उद्यापासून घड्याळाचे आठ," मी ठणकावलं. "दिवा बंद, दार बंद. कुणी यायचं नाही."

"घड्याळ लबाड असतं."

"तुमचं पाणी त्याहून लबाड निघालं."

काका निघून गेले. मैत्री चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी सव्वाआठला गप झाली. मी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आले, तर पायरीवर काका.

"रडायची थांबली," ते हळूच म्हणाले. "झोपली का दाखवतेय?"

मी भडकले. "काका, एवढंसं पोर कशाला सोंग करेल?"

"माझी सुमन करायची." काका खाडीकडे बघत होते. "चार वरसांची व्हती. मी बोटीवर जायला निघायचो तवा ती डोळे मिटून पडलेली. मला वाटायचं, झोपलीय, उठवू कशाला? लगीन झाल्यावर एकदा बोलली, बाबा, मी जागीच असायची. तुम्ही जवळ घ्याल म्हणून वाट बघायची. तवा हात उचलून बघायला पायजे व्हता, बाय. एकदापन बघितला न्हाय."

मला माझ्या संशयाची फार लाज वाटली. मी कपड्यांच्या घड्या घालत तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आठला दिवा बंद केला, पण दार उघडं ठेवलं. काका पाय धुऊन आत आले. मैत्रीचे डोळे मिटलेले होते. त्यांनी तिचा हात वीतभर उचलला आणि सोडला. तो पडलाच नाही. चार बोटांनी काकांचा अंगठा धरला.

"दाखवतंय," काका पुटपुटले आणि गोधडीशेजारी मांडी घालून बसले.

साडेआठला मी आत डोकावले. मैत्रीची पकड केव्हाच सैल झाली होती. काकांनी अंगठा मात्र तिथेच ठेवला होता.