इंदूकाकींचा समुद्र

इंदूकाकी चालती गिरणी बंद करून भाषण देतात. आपले गहू अर्धे पीठ होऊन डब्यात, अर्धे अजून वर पेटीत, मागे माणसं खोळंबलेली. आणि काकी खटका खाली ओढून विचारतात, "पावणं, समुद्राच्या तळाला कोण राहतंय, म्हाईत हाय काय?"

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मला बरीच वर्षं झाली, पण मूळचा आजऱ्याचा म्हणून काकींच्या लेखी मी अजून पावणाच. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बेसावधपणे "मासे" म्हणालो. त्या दिवशी दळण मिळायला दुपार झाली.

गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे काकी गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतात. त्यामुळे समुद्राच्या तळाशी बटाट्याएवढे काळे गोळे असतात, त्यांत बॅटरीला लागणारा धातू असतो आणि तो काढायला कंपन्या अजस्र यंत्रं खाली सोडायला निघाल्यात, हे आमच्या गल्लीतल्या तान्ह्या पोरांनाही पाठ आहे. काकींना हे सगळं मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून कळलं. भाच्यानं तो मोबाइल त्यांना भजनं ऐकायला दिला होता.

अशात मी बॅटरीवरची स्कूटर घेतली आणि भाबडेपणानं पेढे घेऊन गिरणीत गेलो. काकींनी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्यात कुणाचं घर मोडून घातलंय, इचारलासा काय दुकानात?"

"काकी, हिला धूर नाही. पर्यावरणासाठीच घेतली की!"

"वर धूर नको म्हणून खाली नांगर फिरवायचा व्हय?"

"अहो, समुद्रातून अजून काही काढलेलं नाही. ही जमिनीवरच्या खाणीतली!"

"अजून न्हाय. तुमच्यासारखी आणि धा जणं झाली की काढतील."

पुढे बरेच दिवस माझं दळण सगळ्यांत शेवटी लागायचं.

उन्हाळ्यात काकींनी कहर केला. रिकाम्या पोत्यावर 'समुद्राचा तळ खणू नका' असं रंगवून भर बिंदू चौकात त्या एकट्याच उभ्या राहिल्या. मी नेमका स्कूटरवरून तिथून चाललो होतो. काकींच्या ओळखीचा दिसतो म्हणून हवालदारानं मलाच धरलं. मग काकींकडं वळून तो म्हणाला, "मावशी, कोल्हापुरात समुद्र कुठं हाय?"

"तुमच्या परड्यात वाघ हाय काय? न्हाय न्हवं? तरी वाघ वाचवा म्हणून पाट्या लावताय की!"

हवालदारानं टोपी सारखी केली. मग मला म्हणाला, "साहेब, न्या बाबा ह्यास्नी घरला." ज्या स्कूटरवर बहिष्कार होता तिच्यावरच मागं बसून, पोतं उंच धरून, घोषणा देत काकी गल्लीत परतल्या. लोक माझ्याकडं बघत होते.

परवा मी दळण टाकलं आणि वीज गेली. गिरणीत आम्ही दोघंच. काकींनी समुद्र काढला आणि माझा तोल गेला.

"काकी, तुम्ही कोकणात तरी कधी गेलाय का? समुद्र बघितलाय का? तो तुमचा लागतो कोण?"

मला वाटलं, आता कानठळ्या बसणार. पण काकी हळू म्हणाल्या, "न्हाय बघितला." मग त्यांनी तो व्हिडिओ लावून माझ्यापुढं धरला. यंत्र तळावरून सरकत होतं, मागं गाळाचा ढग उठत होता. बाजूला पांढरं, फुलासारखं काहीतरी डोलत होतं. ढग हळूहळू त्याच्यावर आला.

"आमचं हे लोखंड वतायच्या फौंड्रीत हुते," काकी म्हणाल्या. "साच्याची वाळू झाडायचं काम. असाच ढग उठायचा. घरला यायचे तवा पापण्याबी पांढऱ्या. शेवटी शेवटी आडवं हुता यायचं न्हाय. बसून खोकायचे, आन मी पाठ चोळायची."

नवरा गेल्यावर काकींनी गिरणी घातली, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. तो कशानं गेला, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी त्या पांढऱ्या जीवावर बोट ठेवलं. "ह्येला पळता येत न्हाय. आन खोकताबी येत न्हाय, पावणं."

वीज आली. "चला, तुमास्नी उशीर व्हतोय," म्हणत काकी खटक्याकडं निघाल्या.

"राहू दे काकी," मी म्हणालो. "पुढं काय आहे त्यात?"

काकी परत बाकावर बसल्या. पदरानं मोबाइलची काच पुसली आणि मला नीट दिसेल असा तो तिरका धरला.