स्वतः निर्णय घ्या!

हुकमाने माणसं हलत नसतात, ती विश्वासाने हलतात, हे हेमांगीला आता पक्कं कळलं होतं. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात चालणाऱ्या केकच्या कारखान्याची ती नवी मॅनेजर होती. मालक अल्पेशभाईंनी तिला अंधेरीतल्या एका हॉटेलात नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं होतं. तिथून ती परतली ती अशी, की चंदनसारच्या घरी नवऱ्यालाही तिने "आज भाजी कुठली, ते तुझं तू ठरव" असं सांगून टाकलं. नवरा उपाशी झोपला.

सोमवारी तिने सगळ्यांना भट्टीपाशी गोळा केलं. "आजपासून मी कोणालाही हुकूम देणार नाही. दर वेळी मला विचारायला यायचं नाही. स्वतः निर्णय घ्या!"

पॅकिंगच्या हंसाने तोंड उघडलं. "म्हंजे मॅडम, तुमी उद्यापासून येनार नाय?"

"येणार! पण तुमच्या पाठीशी उभी राहणार!"

"पाठी कशाला? पाठी खोके हायत."

आठवडा मात्र झकास गेला. कोणी काही विचारायला येईना. हेमांगी काचेच्या केबिनमध्ये चहा पीत बसे आणि आपण किती थोर आहोत, या विचाराने तिचं तिलाच भरून येई.

शनिवारी भुईगावच्या थेरेसाबाईंच्या मुलीचं लग्न होतं. चार मजली पांढराशुभ्र केक! अल्पेशभाईंनी बजावलं होतं, "भुईगावात एक लग्न गोड झालं ना, की डिसेंबरची सगळी लग्नं आपली. बिघडलं तर गाळा विकावा लागेल!"

आता गंमत अशी, की त्या दिवशी जो तो आपापल्या जागी शहाण्यासारखाच वागला. भुईगावच्या अरुंद गल्ल्यांत उंच केक कलंडेल, म्हणून हंसाने चार मजले चार खोक्यांत भरले. खोक्यांवर नाव लिहिलं की लग्नाची शोभा जाते, म्हणून नावाऐवजी सोनेरी फिती बांधल्या. सगळ्याच खोक्यांना! मजले सुटेच जाणार म्हटल्यावर भट्टीवरच्या स्टॅनीने ते एकावर एक उभे राहावेत म्हणून आत खुपसायच्या काठ्या घातल्याच नाहीत. लावणारा घालेल की! आणि टेम्पोवाल्या सुरजने ठरवलं, की नायगावच्या टॉवरमधला वाढदिवसाचा केक आधी टाकून मग भुईगाव गाठू.

संध्याकाळी थेरेसाबाईंचा फोन आला.

"मॅडम, एका खोक्यात डायनासोर हाय."

"काय आहे?"

"डायनासोर! हिरवा! दात हायत त्याला!"

हेमांगीच्या हातातला चहा केबिनच्या काचेवर गेला. तिने सुरजला फोन लावला.

"मॅडम, तुम्हीच बोल्ला ना, डिसिजन घ्या. फिती सेम होत्या, हाताला आला तो खोका दिला."

"थांब तिथेच! नको, नायगावला जा! नाही, थांब, आधी भुईगावला..."

"एक काय ते फायनल बोला ना! मागे हॉर्न मारतायत सगळे!"

नायगावला फोन केला तर तिकडे गेलेला लग्नाच्या केकचा तिसरा मजला केव्हाच पोटांत गेला होता. मुलाचा बाप खुशीत होता. "डायनासोर दिसला नाही, पण केक भारी!"

हेमांगीने स्टॅनीला स्कूटरवर मागे बसवलं, त्याच्या मांडीवर क्रीमची बादली दिली आणि भुईगाव गाठलं. आता एकच मार्ग उरला होता. डायनासोरचे दात खरवडले, त्याला पांढऱ्या क्रीमने लिंपलं आणि तिसरा मजला म्हणून चढवलं. पांढऱ्यातून हिरवा रंग डोकावत होता, जणू केकला कावीळ व्हायची होती आणि रंग चुकला. त्यात काठ्या गाळ्यात राहिलेल्या! केक हळूहळू नवरीकडे झुकू लागला.

हेमांगी स्टॅनीला घेऊन टेबलामागच्या पडद्याआड शिरली आणि फटीतून हात घालून तिने केक धरून ठेवला. पाहुणे जमले. नवरीचे मामा हातात ग्लास घेऊन टोस्टला, म्हणजे शुभेच्छांच्या भाषणाला, उभे राहिले. मामा हौशी! नवरीच्या जन्मापासून सुरुवात केली. ती बालवाडीत जाईपर्यंत हेमांगीच्या हाताला मुंग्या आल्या, पाचवीत नापास होईपर्यंत खांदा गेला.

"स्टॅनी," ती कळवळून कुजबुजली, "आता काय करायचं रे?"

"तुम्ही सांगाल ते, मॅडम."

"अरे, तूच काहीतरी ठरव ना!"

"छे, एवढी मोठी गोष्ट मी कशी ठरवू? मॅनेजर तुम्ही!"

तेवढ्यात मामांचं भाषण आटोपलं, नवरीने सुरी टेकवली, मजला सरकला आणि हेमांगीचा तोल गेला. "धर!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

आठवडाभरात तिने दिलेला हा पहिलाच स्पष्ट हुकूम. स्टॅनीने तो तत्काळ पाळला. झडप घालून त्याने दोन्ही हातांनी मॅडमना धरलं. केकला कोणीच धरलं नाही.

नवरदेवाच्या सुटावर हिरवा डायनासोर पसरला. बँडवाल्यांना काही कळेना, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. थेरेसाबाई जावयाचा सूट पदराने पुसू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर हेमांगीला बरं वाटलं असतं. अल्पेशभाईंना आता काय सांगायचं? गाळ्यातल्या माणसांचं काय होणार? स्टॅनी छताकडे पाहत होता. एव्हाना पोचलेला सुरज मोबाईलकडे.

शेवटी तिनेच बादली आणि फडकं मागून आणलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला घेतली. डोळ्यांतलं पाणीही त्यातच पुसलं.

तेवढ्यात भरजरी साडीतल्या एक मावशी येऊन तिच्यापाशी वाकल्या.

"चांगलं पुसतेस गं! आमच्याकडेपण डिसेंबरात लग्न हाय. येशील?"

हेमांगीने मागे वळून आपल्या माणसांकडे एकदा पाहिलं.

"येईन," ती म्हणाली. भुईगावातून मिळालेली ती एकुलती एक ऑर्डर.