सूनबाईंचे डोहाळे आणि लागलेली खिचडी

श्रीअन्नपूर्णेस दंडवत, चुलीस नमस्कार, गॅसच्या शेगडीस दुरूनच रामराम. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, चौथ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. जे ऐकू आले नाही ते मागाहून विचारून घेतले, कारण दुसऱ्याच्या घरी काय शिजते हे कळल्यावाचून आम्हांस आमचे अन्न गोड लागत नाही.

राज्य लहान. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घालावयास गॅलरी. तेथे थोरल्या बाईसाहेब कुमुदिनीबाई राज्य करीत, त्यांचे यजमान आबासाहेब वर्तमानपत्राआड वास्तव्य करीत, आणि पुत्र निरंजनराव कचेरीची चाकरी करीत. निरंजनरावांनी वऱ्हाड मुलुखीची कन्या रेवतीबाई वरून आणिली, आणि यथाकाळे सूनबाईंस दिवस राहिले, आणि राज्यात आनंदीआनंद जाहला. मग उलट्या सुरू जाहल्या. सकाळचा चहा उलटावा, दुपारचा वरणभात उलटावा, पाणीही पोटात ठरेना, आणि सूनबाईंचे तोंड सुकून एवढेसे जाहले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की, उद्यापावेतो अन्न पोटात न राहिल्यास दवाखान्यात भरती करून सलाइन लावावे लागेल, उगीच वाट पाहू नये. हे बाईसाहेबांनी ऐकिले. बाई जिभेच्या तिखट, परंतु सुनेवर जीव. देवापुढे दिवा लावून गहिवरल्या, आणि डोळे पुसून सुनेस पुसिले की, बाळे, काय खावेसे वाटते ते सांग. सूनबाई म्हणाल्या, काही नाही. पुन्हा पुसिले, पुन्हा काही नाही. तेव्हा बाईसाहेबांनी ताडिले की, डोहाळे आहेत, परंतु मुलगी सांगत नाही. आणि शेजारच्या दोन राज्यांच्या धनिणींस मसलतीस पाचारण केले.

एक लीलाबाई चौधरी, मुलूख खानदेश, आवाज भरदार, त्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आल्या. दुसऱ्या सुलभाताई तेंडोलकर, मुलूख तळकोकण, त्या सोलकढीचा तांब्या घेऊन आल्या. सूनबाईंनी कढीचा घोट घेतला, तो आला तैसा माघारी गेला. आणि भरताच्या तर वासानेच त्या आतल्या खोलीत जाऊन निजल्या. त्याच दिवशी कुकरची रिंग फाटली होती, म्हणोन बाईसाहेबांनी मुगाची खिचडी पातेल्यात मंद आचेवर ठेविली होती, सुनेने घास तरी घ्यावा या आशेने. मग तिघी ओट्यापाशी बैसल्या आणि मसलत सुरू जाहली.

बाईसाहेब म्हणाल्या, वरणात चिंचगूळ घालावा, पोर खाईल. सुलभाताई म्हणाल्या, चिंच कशाला, आमसूल असता. लीलाबाईंनी कपाळास हात लाविला की, वरणात गूळ घालणारी माणसे आपण या शहरात येऊनच पाहिली. मग बाईसाहेबांनी लाल भोपळ्याच्या घारग्यांचा विषय काढिला आणि टोपलीतून फोड उचलून दाखविली, तो लीलाबाई म्हणाल्या, हे तर गंगाफळ. सुलभाताई म्हणाल्या, भोपळा तो भोपळा, त्यास गंगेत कशाला बुडविता? आबासाहेबांनी वर्तमानपत्राआडून कळविले की, आपल्या मामांच्या गावी यास डांगर म्हणत. तेथून गाडी जी घसरली ती घसरलीच. एकीस सायीचे दूध पाहून शहारे येत, एक साय साखरेसंगे खाई; एकीस पोळी चहात बुडविल्यावाचून सकाळ जाहली ऐसे न वाटे. मग आपापले डोहाळे निघाले. सुलभाताईंनी सांगितले की, त्या दिवसांत त्यांस नुसत्या सारवलेल्या जमिनीचा वास हवासा वाटे, म्हणोन पडवीत जाऊन उगाच बसत. लीलाबाई आवाज उतरवून बोलिल्या की, आपण चुलीच्या मातीचा खडा चोरून खाल्ला आणि तो आजही आठवतो. व्यक्ती तितक्या प्रकृती! बाईसाहेबांस कोणी पुसिले, तुमचे काय? तर बाईसाहेब भोपळा चिरू लागल्या. आम्ही भिंतीपलीकडे कान लावून होतो, हातातला चहा निवून गेला, तरी भान नव्हते.

या सर्व धामधुमीत खिचडीकडे लक्ष कोणाचे? कोणाचेच नाही. करपल्याचा वास उठला, जिन्यापर्यंत गेला, तेव्हा तिघी एकदम उठल्या. बाईसाहेबांनी गॅस विझविला, वरची चांगली खिचडी दुसऱ्या भांड्यात काढिली, आणि डोळ्यांस पदर लाविला की, हा वास आत गेला तर पोर पुन्हा ओकणार, आणि आता दवाखाना काही चुकत नाही. पातेले मोरीत नेऊन त्यांनी तांब्या उचलिला. इतक्यात दारात सूनबाई उभ्या. केस सुटलेले, भिंतीस धरलेले, आणि नाक वर करून वास घेत होत्या.

"आई," सूनबाई बोलिल्या, "पाणी नका टाकू त्यात."

बाईसाहेबांचा तांब्या तैसाच राहिला. सूनबाई पुढे होऊन पाटावर बैसल्या, पातेले मांडीशी ओढिले, आणि म्हणाल्या, "सराटा द्या न." हा सराटा काय हे क्षणभर कोणास उमगेना. परंतु हात कालथ्याकडे होता, आणि भुकेस शब्दकोश लागत नाही, म्हणोन लीलाबाईंनी कालथा दिला. सूनबाईंनी बुडाची तांबूस खरपूस खपली खरवडून काढिली आणि कुरकुर चावली. एक घास गेला, दुसरा गेला, आणि माघारी काही आले नाही. लीलाबाई म्हणाल्या खरवड, सुलभाताई म्हणाल्या खरपुडी, सूनबाई भरल्या तोंडाने म्हणाल्या, आमच्याकडे खुरचण, माझी आई माझ्यासाठी मुद्दाम लागू द्यायची. आणि या वेळी नावावरून कोणी भांडले नाही.

बाईसाहेबांनी पुसिले, "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

सूनबाई खाली पाहून बोलिल्या, "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी दुधाचं पातेलं खरवडत होते. तुम्ही म्हणालात, या घरात भांडी खरवडत नाहीत."

बाईसाहेब गुडघ्यांवर हात टेकून सुनेसमोर जमिनीवर बैसल्या. ऐसे त्या राज्यात पूर्वी कधी घडले नव्हते.

"ते वाक्य माझं नव्हे गं," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचं. मी नवी असताना मला म्हणाल्या होत्या. मलाही तेच हवं होतं, तुझ्या नवऱ्याच्या वेळेस. मी मागितलं नाही. आणि तेच वाक्य तुला दिलं."

सूनबाईंनी पातेल्यातील मोठी खपली मोडिली आणि अर्धी बाईसाहेबांच्या हातावर ठेविली. बाईसाहेबांनी ती खाल्ली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्यांनी पुसिले नाही. तेव्हा वर्तमानपत्र खाली आले. आबासाहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले की, भांडे खरवडून खाणाराच्या लग्नात पाऊस पडतो ऐसे आमची आई म्हणे. हिचे-आमचे लग्न भर वैशाखातले, पाऊस ऐसा पडला की मांडव आडवा जाहला आणि जिलब्या पोहू लागल्या, आणि दोष आजवर आम्ही भटजींच्या मुहूर्तास देत आलो. बाईसाहेब न वळता बोलिल्या, "माहेरी खाल्ली होती. पोटभर."

येणेप्रमाणे मसलत यशस्वी जाहली, आणि दवाखान्याचे संकट टळले. कुकरची नवी रिंग त्या राज्यात अद्याप आणिली नाही. आमचे वाचणारांस इतुकेच सांगणे की, त्या पोटातल्या लेकराच्या लग्नाचे निमंत्रण आल्यास अवश्य जावे, आणि ऋतू कोणताही असो, छत्री न्यावी.