भरमाप्पाच्या कानाचा दाखला

शिरोलीच्या एका लोखंड ओतायच्या फाउंड्रीत आयएसओचं, म्हणजे कामाच्या दर्जाचं, सर्टिफिकेट आणायचं ठरलं आणि राजशेखर इंजिनियरची झोप उडाली. साल अठ्ठ्याण्णव. परदेशी गिऱ्हाइकानं मालक गणपतरावांना स्वच्छ कळवलं होतं, सर्टिफिकेट असेल तर ऑर्डर, नाहीतर रामराम. नियम ऐकायला सोपा होता. जे करता ते कागदावर लिहा आणि जे लिहिलंय तेच करा. मेंटेनन्सचा कागद राजशेखरच्या गळ्यात पडला.

आता तिथलं मेंटेनन्स म्हणजे भरमाप्पा. कागलचा हा फिटर हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालत्या मशिनच्या बेरिंगवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. अर्ध्या मिनिटानं म्हणायचा, "ह्ये मंगळवारी जातंय." आणि ते मंगळवारीच जायचं हो! सोमवारी नाही की बुधवारी नाही. असला माणूस डोळ्यांनी बघायला मिळाला हेच आपलं भाग्य. स्वभाव मात्र तुसडा, मागून हाक मारली तर वळून बघेल तर शपथ. एवढा मोठा कारागीर, चालायचंच, असं म्हणून लोक सोडून द्यायचे.

राजशेखरनं इमानदारीत लिहिलं, 'तपासणीचं उपकरण: स्क्रूड्रायव्हर व कान.' लिहून झाल्यावर त्याला पुढचा नियम दिसला. प्रत्येक उपकरण बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घेतलेलं हवं आणि त्याचा दाखला फायलीत हवा. तो घाबरत गणपतरावांकडं गेला. फाउंड्रीवाल्याला दाखल्याचं काय कौतुक? ते म्हणाले, त्यात काय, कान तपासून आणा की.

राजशेखरनं भरमाप्पाला स्कूटरवर घालून राजारामपुरीत विद्याश्री डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून खुणेनं सांगितलं. बोट काही वर होईना. आवाज एवढा वाढवला की बाहेरच्या बाकावर राजशेखरला ऐकू आला, तरी बोट मांडीवरच. लहानपणी दोन्ही कान फुटलेत, पडदे नावालाच उरलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढची तपासणी आतल्या खोलीत झाली, पण राजशेखरचं तिकडं लक्षच नव्हतं. कागदावर पहिलीच ओळ होती, 'ऐकण्याची क्षमता अत्यंत कमी.' तेवढीच वाचून त्यानं कागद घडी करून खिशात घातला. नापास उपकरण वापरातून काढायचं, असा पुढचा नियम होता.

बाहेर आल्यावर भरमाप्पानं त्याचा हात धरला. राजशेखरनं त्याला आजवर कुणापुढं वाकलेलं बघितलं नव्हतं.

"साहेब, ह्यो कागूद दावू नगा. रिटायरला दोन वर्सं ऱ्हायल्यात. मला ह्ये एवढंच येतंय."

घरी ठाऊक आहे का, असं राजशेखरनं त्याच्या तोंडासमोर येऊन विचारलं. भरमाप्पा त्याचे ओठ वाचून म्हणाला, बायकूला, शांतव्वाला, पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय, म्हणून तर संसार बिनभांडणाचा झाला. राजशेखरला हसावं की रडावं कळेना. खोटं लिहिणं त्याच्या रक्तात नव्हतं आणि खरं दाखवायची छाती होत नव्हती. शेवटी त्यानं तो कागद फायलीत अगदी तळाशी घातला.

पण सर्टिफिकेटासाठी तपासणीला येणारे ऑडिटर लोक फाईल तळापासूनच उघडतात. पुण्याहून आलेल्या साहेबांनी भट्टीजवळ उभं राहून पहिलाच तो कागद काढला. हे उपकरण नापास आहे, तरी वापरता? तेवढ्यात भट्टीला हवा देणाऱ्या ब्लोअरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून, डोळे मिटून उभा असलेला भरमाप्पा म्हणाला, "आज भट्टी पेटवू नगा. ह्याची दुपार न्हाय निघायची."

गणपतराव राजशेखरकडं बघायला लागले. चालू भट्टी दाखवायलाच तर साहेबांना इथं आणलं होतं. कागद सांगत होता, याला ऐकू येत नाही. राजशेखरनं एकदा भरमाप्पाच्या तोंडाकडं बघितलं आणि स्वतः जाऊन ब्लोअर बंद केला. "खोला," तो म्हणाला.

बेरिंग खोललं तर आतले छर्रे फुटून चुरा झालेले. दुपारी ब्लोअर बंद पडला असता तर लोखंड भट्टीतच थिजलं असतं. ऑडिटर साहेबांनी तो चुरा तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि मग कागद उलटला. पाठीमागं डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'हाडातून येणारा आवाज उत्तम ऐकू येतो. इतका स्वच्छ मी आजवर कुणाचा पाहिला नाही.' राजशेखरनं मागची बाजू वाचलीच नव्हती.

साहेबांनी उपकरण पास केलं. मात्र एक त्रुटी लिहिलीच, की असलं उपकरण कारखान्यात एकच आहे, दुसरं तयार ठेवा. गणपतरावांनी तिथल्या तिथं राजशेखरचं नाव सांगितलं.

भरमाप्पानं दुसऱ्या मशिनवर स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ राजशेखरच्या कानामागं लावली. त्याला नुसती घरघर ऐकू आली. काही कळत नाही, असं त्यानं ओशाळून सांगितलं.

"न्हायच कळायचं. मला चार वर्सं लागली," भरमाप्पा म्हणाला.

गणपतरावांनी बोटांवर वर्षं मोजली आणि भरमाप्पाची नोकरी दोन वर्षांनी वाढवून टाकली.